संगीतकार वसंत देसाई

सकाळची घंटा झाली, की शाळेच्या पटांगणावर मुले रांगा धरून उभी राहतात. गडबड हळूहळू शांत होते आणि प्रार्थनेचे सूर उमटू लागतात. भारतातील अगणित शाळांतून रोज ज्या प्रार्थना म्हटल्या जातात, त्यांपैकी दोन हिंदी प्रार्थना विशेष प्रसिद्ध आहेत. एक ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटातील आणि दुसरी ‘गुड्डी’ या चित्रपटातील. या प्रार्थना लाखो मुलांना तोंडपाठ आहेत. परंतु त्यांना चाल लावणारा संगीतकार कोण, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते. तो संगीतकार कोकणच्या लाल मातीत जन्मला होता. त्यांचे नाव वसंत देसाई.

आज ज्याला आपण सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतो, तो मुलूख त्या काळी सलग एका अंमलाखाली नव्हता. मालवणचा किनारा ब्रिटिश अंमलात होता, तर कुडाळचा परिसर सावंतवाडी संस्थानात मोडत असे. कुडाळजवळच्या सोनवडे या गावी 9 जून 1912 रोजी वसंतरावांचा जन्म झाला. समुद्राच्या बाजूला माडांच्या बागा, आत भाताची खाचरे आणि पूर्वेला सह्याद्रीची उंच भिंत, असा हा प्रदेश. निसर्गाने तो जितका नटलेला आहे, तितकाच तो सुरांनीही भरलेला आहे. पीक घरात आले, की देवळांच्या जत्रा सुरू होतात. रात्री देवळापुढे दशावताराचा खेळ उभा राहतो. पायपेटीचे सूर, पखवाजाची थाप आणि झांजांचा नाद यांच्या साथीने राजे, राक्षस आणि देव पहाटेपर्यंत रंगणात वावरतात. एरवी संध्याकाळी भजनी मंडळे टाळ-मृदंग घेऊन बसतात. उत्सवात सनई वाजते आणि कीर्तनकार हरिकथा सांगतात.

वसंतरावांच्या घराण्यातही कीर्तनाची परंपरा होती. कीर्तनकाराला केवळ गाऊन भागत नाही. कथेतील प्रसंग श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभा करण्यासाठी कोठे अभंग म्हणावा, कोठे थांबावे, कोठे लय वाढवावी, याचे भान त्यास ठेवावे लागते. गाणे हे कथेच्या सेवेसाठी असते, ही जाण कीर्तनाच्या संस्कारातून येते. पुढील आयुष्यात वसंतरावांनी जे काम केले, त्याचे मूळ या बालपणीच्या संस्कारांत सापडते.

त्या काळी चित्रपट मुके होते. पडद्यावरची माणसे हालत, हसत आणि रडत. पण त्यांचा आवाज ऐकू येत नसे. इ. स. 1929 मध्ये कोल्हापूर येथे व्ही. शांताराम आणि त्यांचे सहकारी यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. वसंतराव तेव्हा अवघ्या सतरा वर्षांचे होते. या नव्या कलेच्या ओढीने ते प्रभातमध्ये दाखल झाले. तेथे कोणतेही मानाचे पद त्यांची वाट पाहत नव्हते. पडेल ते काम करावे आणि उघड्या डोळ्यांनी व उघड्या कानांनी शिकावे, हाच तेथील उमेदवारांचा शिरस्ता होता. प्रभातच्या मूकपटांपासून वसंतराव त्या संस्थेशी जोडले गेले.

लवकरच चित्रपटाला वाचा फुटली. 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट प्रदर्शित झाला. मराठीतील हा पहिला बोलपट होय. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. तरुण वसंतरावांना बोलपटांत गाण्याची आणि लहानसहान भूमिका करण्याची संधी मिळाली. परंतु त्यांचे खरे शिक्षण चालले होते ते वाद्यवृंदाच्या खोलीत. 1933 साली प्रभात कोल्हापुराहून पुण्यास आली. प्रभातमध्ये गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव अशा थोर संगीतकारांच्या हाताखाली त्यांना काम करावयास मिळाले. टेंबे हे नाट्यसंगीताचे जाणकार आणि हार्मोनियमचे निष्णात वादक होते. भोळे शब्दांच्या अर्थाला जपत. मास्तर कृष्णराव रागदारीचे भांडार होते. एकाच उमेदवाराला तीन वेगळ्या स्वभावांचे असे तीन गुरू लाभणे, हे मोठे भाग्यच होय. सुमारे बारा वर्षे वसंतरावांनी ही उमेदवारी केली. पडद्यावर नाव झळकत नसतानाही त्यांनी कामात कसूर केली नाही.

1942 साली शांतारामबापू प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत त्यांनी राजकमल कलामंदिर ही स्वतःची संस्था उभारली. वसंतरावही त्यांच्याबरोबर मुंबईस गेले. राजकमलचा पहिला चित्रपट ‘शकुंतला’ 1943 साली प्रदर्शित झाला आणि त्याचे संगीत वसंतरावांनी दिले. कालिदासाच्या काळातील आश्रम, मृगशावके आणि वनलता यांना साजेसे सूर त्यांनी योजिले. चित्रपट अतिशय गाजला. बारा वर्षे दुसऱ्यांच्या मागे उभा राहिलेला उमेदवार आता स्वतंत्र संगीतकार म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्यानंतर राजकमलचे चित्रपट आणि वसंतरावांचे संगीत असे एक समीकरणच होऊन गेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये युद्धातील जखमींची सेवा करता करता मरण पावले. त्यांच्या जीवनावरील चित्रपट 1946 मध्ये आला. 1947 साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा मराठी चित्रपट आला. रामजोशी हे पेशवाईच्या काळातील सोलापूरचे शाहीर. संस्कृत विद्येचे संस्कार असूनही त्यांनी लोकांच्या भाषेत लावण्या व कवने रचिली. या चित्रपटासाठी वसंतरावांनी डफ, तुणतुणे आणि ढोलकी यांना मानाचे स्थान दिले. तमाशाच्या फडात वाजणारी ही वाद्ये शहरातील सुशिक्षितांना त्या वेळी कमी दर्जाची वाटत. परंतु त्याच वाद्यांच्या ठेक्याने चित्रपटगृहे दुमदुमू लागली.

1951 साली ‘अमर भूपाळी’ प्रदर्शित झाला. होनाजी आणि बाळा या शाहिरांच्या जोडीपैकी होनाजीची ही कथा. पहाटे देवाला जागे करण्यासाठी जे गीत गातात, त्यास भूपाळी म्हणतात. होनाजी बाळाच्या नावाने ओळखली जाणारी एक भूपाळी या चित्रपटात आहे. ती पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांनी गायिली आहे. गोठ्यातील गाई, अंगणातील सडा आणि हळूहळू उजळणारे आकाश हे सारे त्या सुरांत जणू दिसू लागते. चाल इतकी सोपी वाटते, की ती कोणी मुद्दाम रचली असावी असे ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असावी, असाच भास होतो. हा चित्रपट 1952 साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवातही दाखविण्यात आला.

याच काळात वसंतरावांनी राजकमलबाहेरही काही कामे केली. आचार्य अत्रे यांनी साने गुरुजींच्या पुस्तकावरून ‘श्यामची आई’ हा चित्रपट 1953 साली काढला. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या या चित्रपटाचे संगीत वसंतरावांचेच. श्रीकृष्णाचे बोट कापले तेव्हा द्रौपदीने आपले भरजरी वस्त्र फाडून ते बांधले, ही कथा सांगणारे त्यातील गीत आशा भोसले यांनी गायिले. छडीच्या भीतीने विद्या येते असे सांगणारे त्यातील शाळकरी मुलांचे गाणे तर घरोघरी पोहोचले.

1955 साली राजकमलने ‘झनक झनक पायल बाजे’ हा रंगीत चित्रपट काढला. तो भारतीय शास्त्रीय नृत्याविषयी होता. शास्त्रीय संगीत सामान्य प्रेक्षकांना कंटाळवाणे वाटेल, अशी भीती अनेकांना वाटत असे. वसंतरावांनी मात्र त्याच बाबतीत तडजोड केली नाही. शीर्षकगीत गाण्यासाठी थोर गायक उस्ताद अमीर खाँ यांना पाचारण करण्यात आले. तबल्यावर बनारसचे पंडित सामताप्रसाद बसले. काश्मीरचे संतूर हे वाद्य त्या वेळी इतर प्रांतांत फारसे कोणी ऐकलेले नव्हते. जम्मूचे तरुण वादक शिवकुमार शर्मा यांच्या संतुराचा नाद या चित्रपटात घुमला. लोकांनी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला आणि रागदारीचे सूर गुणगुणत ते घरी गेले.

दोन वर्षांनी ‘दो आँखें बारह हाथ’ आला. औंध संस्थानात स्वतंत्रपूर येथे कैद्यांची एक खुली वसाहत होती. त्या प्रयोगावरून या चित्रपटाची कल्पना सुचली. खुनाच्या आरोपाखाली शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना एक तुरुंगाधिकारी उघड्या माळावर नेतो आणि श्रम व विश्वास यांच्या बळावर त्यांना माणसांत आणतो. या कथेसाठी कवी भरत व्यास यांनी प्रार्थना लिहिली आणि लता मंगेशकर यांनी ती गायिली. तिची चाल बांधताना वसंतरावांनी कोठेही अवघड ताना किंवा हरकती घातल्या नाहीत. ज्यास गाणे येत नाही अशा माणसालाही ती इतरांबरोबर म्हणता यावी, अशीच तिची घडण आहे. कठोर मनाच्या कैद्यांनी म्हणावयाची प्रार्थना तशीच असावयास हवी. या चित्रपटाला 1958 साली बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. प्रार्थना मात्र पडद्यावरून उतरून शाळांच्या पटांगणांवर येऊन पोहोचली.

अशा रीतीने कीर्ती शिगेला पोहोचली असतानाच वसंतराव आणि राजकमल यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 1959 साली राजकमलचा ‘नवरंग’ प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे संगीतकार सी. रामचंद्र हे होते. प्रभातपासून सुमारे तीस वर्षे वसंतरावांनी शांतारामबापूंच्या सावलीत काम केले होते. मोठ्या संस्थेत कलावंताला पुष्कळ आधार असतो. स्वतःचा स्टुडिओ असतो, नेहमीचे वादक असतात आणि तालमीसाठी हवा तेवढा वेळ मिळतो. मुख्य म्हणजे दिग्दर्शकाची दृष्टी मागे उभी असते. त्यामुळे यश आले, तर ते कोणाचे, असा प्रश्न लोकांच्या मनात येतोच. राजकमलची गाणी गाजली ती संगीतामुळे, की भव्य देखाव्यांमुळे आणि दिग्दर्शकाच्या कौशल्यामुळे? सत्तेचाळीस वर्षांच्या संगीतकाराला या प्रश्नाचे उत्तर आता एकट्याने द्यावयाचे होते. हे उत्तर शब्दांनी देता येण्यासारखे नव्हते.

ते उत्तर त्याच वर्षी मिळाले. दिग्दर्शक विजय भट्ट यांचा ‘गूँज उठी शहनाई’ हा चित्रपट 1959 साली प्रदर्शित झाला. एका सनईवादकाच्या जीवनाची ही कथा. सनई हे मंगलवाद्य. लग्नमंडपात, देवळाच्या नगारखान्यात ती वाजावयाची. सबंध चित्रपटाचा भार तिच्यावर टाकण्याचे धाडस सहसा कोणी केले नसते. वसंतरावांनी त्यासाठी वाराणसीचे उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई योजिली. उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांची सतार आणि उस्ताद अमीर खाँ यांचे गायन यांचीही जोड लाभली. अशा दिग्गजांकडून काम करून घेणे सोपे नसते. मैफलीत एखादा राग तासभर फुलविणाऱ्या कलावंताला चित्रपटात काही मिनिटांतच सारे सांगावे लागते. रागाचे सत्त्व न गमावता तो थोडक्यात मांडणे, हे संगीतकाराचे कसब. वसंतरावांना ते साधले. देशभर लोक सनईचे ते सूर ऐकू लागले. राजकमलच्या बाहेर पडलेला संगीतकार आपल्याच सुरांच्या बळावर उभा आहे, हे सर्वांना कळून चुकले.

यानंतरच्या वर्षांत त्यांनी अनेक वाटा चोखाळल्या. मराठी रंगभूमीवर संगीत नाटकांना उतरती कळा लागली असताना विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘जय जय गौरीशंकर’ या नाटकांना त्यांनी संगीत दिले आणि त्यांतील पदे लोकप्रिय झाली. 1964 साली सुनील दत्त यांनी ‘यादें’ हा चित्रपट काढला. त्यात जवळजवळ सारा वेळ पडद्यावर एकच नट दिसतो. जी माणसे दिसत नाहीत, त्यांचे अस्तित्व आवाजांतून आणि संगीतातून जाणवून द्यावयाचे होते. असे अवघड काम वसंतरावांच्या हाती सोपविण्यात आले. 1968 सालच्या ‘आशीर्वाद’ चित्रपटातील आगगाडीचे गाणे तर मुलांचे फार आवडते झाले. हरीन्द्रनाथ चट्टोपाध्याय यांचे शब्द नट अशोककुमार यांनी स्वतःच गायिले. चाकांचा खडखडाट, गाडीने घेतलेला वेग आणि मागे पडणारी गावे हे सारे त्या गाण्याच्या ठेक्यात ऐकू येते.

मोठेपणाबरोबर जुना दुरावा उराशी धरून बसावे, असे झाले नाही. 1966 साली शांतारामबापूंच्या ‘लड़की सह्याद्रि की’ या चित्रपटाला पुन्हा वसंतरावांनीच संगीत दिले. त्यात त्यांनी पंडित जसराज यांच्याकडून एक वंदनगीत गाऊन घेतले. त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात दक्षिणेच्या थोर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे गायन झाले. कांचीचे शंकराचार्य श्रीचंद्रशेखरेन्द्र सरस्वती यांनी जगातील सर्व राष्ट्रांनी वैर सोडून मैत्रीने राहावे, अशा अर्थाचे संस्कृत गीत त्या प्रसंगासाठी रचिले होते. त्या गीताला चाल दिली होती वसंत देसाई यांनी. शब्द तमिळनाडूतील आचार्यांचे, भाषा संस्कृत, चाल कोकणच्या संगीतकाराची आणि श्रोते साऱ्या जगाचे, असा तो दुर्मीळ योग होता.

नव्या कलावंतांना पुढे आणण्यातही वसंतरावांनी कधी संकोच केला नाही. तमिळनाडूत जन्मलेल्या आणि मुंबईत येऊन राहिलेल्या वाणी जयराम या गायिकेचे नाव हिंदी चित्रपटसृष्टीत कोणास ठाऊक नव्हते. प्रसिद्ध गायिकांची वाण नसतानाही 1971 सालच्या ‘गुड्डी’ चित्रपटासाठी वसंतरावांनी त्यांचा आवाज निवडला. पावसाळी मल्हाराच्या सुरांत बांधलेल्या त्यातील गीताने वाणी जयराम एकदम प्रकाशात आल्या. मनाला बळ मागणारी शाळकरी मुलींची प्रार्थनाही याच चित्रपटातील. कवी गुलजार यांचे शब्द आणि वसंतरावांची चाल लाभलेली ही प्रार्थनाही पहिल्या प्रार्थनेप्रमाणेच चित्रपटातून शाळांत गेली.

मुलांवर त्यांचे विशेष प्रेम होते. 1962 साली चीनने आक्रमण केले, तेव्हा देशाला धीर देणाऱ्या गीतांची गरज भासू लागली. ग. दि. माडगूळकर यांच्या स्फूर्तिगीताला वसंतरावांनी दिलेली चाल ‘छोटा जवान’ या चित्रपटातून सर्वत्र पोहोचली. एकट्या गायकाने गावे आणि इतरांनी ऐकावे, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. सर्वांनी मिळून गावे, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी शाळकरी मुलांना एकत्र जमवून समूहगीते शिकविली. असंख्य कंठांतून एकच सूर काढावयाचा, तर प्रत्येकाने आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजाशी जुळवावा लागतो. कोणी पुढे धावून चालत नाही, कोणी मागे रेंगाळून चालत नाही. हे शिस्तीचे शिक्षण त्यांनी गाण्यातून दिले.

22 डिसेंबर 1975 हा दिवसही वसंतरावांनी कामातच घालविला. दिवसभर ध्वनिमुद्रण करून ते मुंबईतील आपल्या राहत्या इमारतीत परत आले. तेथील लिफ्टमध्ये अपघात होऊन त्यांचा अंत झाला. त्यांचे वय तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांचे संगीत असलेला ‘शक’ हा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर, 1976 साली प्रदर्शित झाला.

चित्रपट पाहणाऱ्यांना नट दिसतात, गाणे ऐकणाऱ्यांना गायकाचा आवाज ओळखू येतो. चाल बांधणारा मात्र पडद्याआड राहतो. वसंतरावांनी ही गोष्ट प्रभातच्या वाद्यवृंदात बसून तरुणपणीच जाणली होती आणि ती मनापासून स्वीकारली होती. लावणीचा डफ, भूपाळीची पहाट, कथ्थकाचे पदन्यास आणि बिस्मिल्ला खाँची सनई यांना त्यांनी सारख्याच आदराने वागविले. आजही कोकणातील एखाद्या लहान शाळेत सकाळची घंटा होते. बाहेर माडांच्या झावळ्या हालत असतात, दूरवर समुद्राची गाज चालू असते, आणि मुले डोळे मिटून प्रार्थना म्हणू लागतात. कुडाळजवळच्या सोनवड्याचा मुलगा त्या वेळी आपल्याच मुलुखात परत आलेला असतो.